मे महिना, पोळ्या आणि माझा उजवा डोळा

१८ मे, नागपूर

पारा ४५ च्या घरात. पोळ्या लाटता लाटता उजव्या डोळ्यापुढे धूसर झालं. आधी तव्याची कड दिसेनाशी झाली, मग पोळीवरचे डाग एकमेकांत मिसळले. गॅस बंद केला, ओला पंचा मानेवर घेतला आणि कूलरपुढे जाऊन बसले. थोड्या वेळाने कॅलेंडरवरचे आकडे पुन्हा वाचता यायला लागले.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे, त्यामुळे सासूबाईंचा जीव खालीवर. "पुन्हा अटॅक आला का गं? दवाखान्यात न्यावं लागेल?" गेल्या वेळी स्टिरॉइडच्या सलाइन लागल्या होत्या, ते त्या विसरलेल्या नाहीत.

त्यांना म्हटलं, नाही आई, हा उकाड्याचा त्रास. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब करते. अशा नसेतून संदेश कसाबसा जातो. अंग जरा तापलं की तोही अडतो आणि गारव्यात आलं की पुन्हा जायला लागतो. विल्हेल्म उटहॉफ या जर्मन डॉक्टरांनी हे १८९० मध्येच नोंदवून ठेवलंय. खऱ्या अटॅकमध्ये नवा त्रास सुरू होतो किंवा जुना उफाळतो आणि २४ तासांनंतरही हटत नाही. तसं झालं तर मात्र थांबायचं नाही.

एमआरआय नव्हता तेव्हा निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवत आणि त्रास वाढतो का ते बघत. वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. कोण बायका असतील त्या! बायकाच म्हणते, कारण हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुपटीहून जास्त आढळतो, आणि तोही ऐन विशी ते चाळिशीत.

संध्याकाळी जाऊबाई म्हणाल्या, "चेहऱ्यावरून तर काहीच वाटत नाही." खरंच आहे. पाय जड होतात, भर दुपारी अंगातली सगळी ताकद निघून जाते, ते चेहऱ्यावर कुठून दिसणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार नावानिशी आहे, तरी ऑफिसात दर वेळी पहिल्यापासून समजावावं लागतं. याचा मला मनापासून राग येतो.

फिरणं मात्र सोडणार नाही. व्यायामाने अंग तापतं, पण त्याने नसांचं नवं नुकसान होत नाही, आणि पायांना त्याची गरज आहे. पहाटे, ऊन चढायच्या आत जायचं. सासूबाईंनी रात्रीच विचारून घेतलं, "आणि ताप आला तर?" तर आधी ताप उतरवायचा, लघवीत संसर्ग नाही ना ते तपासायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. त्यांनी ते फ्रिजवर लिहून लावलंय, माझ्या नवऱ्याच्या नंबरासकट.