मांडीच्या मापाचा कंट्रोलर

सांगली, रविवार

घरी करत असलेल्या आर्केड कंट्रोलरसाठी, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणे बसवलेल्या व्हिडिओ गेमच्या खोक्यासाठी, कुपवाडच्या एमआयडीसीतून लेझरवर कापलेला पत्रा आज हाती आला. सागवानी चौकटीत तो ठेवून पाहिला, तेव्हा चारही कडांना अर्ध्या मिलिमीटरची सारखी फट राहिली. ही फट मुद्दाम सोडलेली आहे. कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत लाकूड फुगते, पोलाद मात्र आहे तेवढेच राहते. दोघांना अगदी घट्ट बसवले, तर जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड पत्र्यावर दाबू लागते आणि कोपऱ्यांचे सांधे उकलतात.

आर्केड कंट्रोलर घरी करायचा म्हटले की बहुतेकांचे सारे लक्ष जॉयस्टिक कोणती घ्यावी आणि बटणे कोणती घ्यावीत, यातच अडकते. मला ते पटत नाही. सानवा कंपनीची जेएलएफ जॉयस्टिक आणि तिच्याच 30 मिलिमीटरच्या बटणांचा जोड जगभर वापरला जातो, आणि हे भाग जपानमध्ये जसे चालतात तसेच आपल्याकडेही चालतात. त्यात आपल्याला काही घडवायचे नसते. आपल्याला घडवायचे असते ते खोके, आणि खेळताना मनगट दुखते की नाही, हाताखाली कंट्रोलर सरकतो की नाही, हे सारे त्या खोक्यावरच ठरते. म्हणून गेले काही महिने मी याच एका गोष्टीमागे लागलो आहे.

तयार आराखडे पुष्कळ मिळतात, पण ते टेबलासाठी किंवा खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मांडीसाठी केलेले असतात. आमच्या घरात खेळणारे सतरंजीवर मांडी घालून बसतात. मांडी घातली की गुडघे बाहेर जातात, मांड्यांमध्ये रुंद पोकळी तयार होते आणि अरुंद खोके त्या पोकळीत कलते. यासाठी पुतणीला मांडी घालून बसवले, तिच्या मांड्यांवर पुठ्ठ्याचे वेगवेगळ्या मापांचे तुकडे ठेवून पाहिले आणि त्यावरून बाहेरचे माप 430 बाय 270 मिलिमीटर ठरवले. पुढची उंची 55 आणि मागची 75 मिलिमीटर ठेवली, म्हणजे वरच्या पृष्ठभागाला साधारण 4 अंशांचा उतार मिळतो आणि मनगट वर न मोडता हात बटणांपर्यंत पोहोचतो. तळाचा 6 मिलिमीटरचा प्लाय आणि वरचा थर वजा केला, तरी मध्यभागी 55 मिलिमीटरची खोली उरते. जॉयस्टिकचा खालचा भाग, बटणांचे पाय आणि त्यांना जोडलेल्या वायरींची वळणे या खोलीत दाटी न होता मावतात.

वरचा भाग लाकडाचा न करता पत्र्याचा का केला, हे इथे नोंदवून ठेवतो. दाबून बसवायच्या बटणांना दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे चाप असतात आणि ते पातळ पॅनललाच धरतात. 12 मिलिमीटरच्या प्लायमध्ये ते धरतच नाहीत. शिवाय जॉयस्टिक पॅनलच्या खालून बसते, त्यामुळे पॅनल जितके जाड तितका तिचा दांडा वर आखूड दिसतो आणि 35 मिलिमीटरचा गोळा बोटांना फार खाली लागतो. 2 मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याने हे दोन्ही प्रश्न सुटतात. त्यात वजनाचाही लाभ आहे. जवळपास 400 बाय 240 मिलिमीटरचा हा पत्रा, छिद्रे वजा जाता, 1.4 किलोच्या आसपास भरतो. जॉयस्टिकचा दांडा पाव वर्तुळात झपकन फिरवताना खोके जागचे हलू नये, यासाठी हे वजन फार उपयोगी पडते. वरून स्क्रूची डोकी दिसू नयेत म्हणून जॉयस्टिकसाठी पत्र्याच्या पोटाला चार बोल्ट वेल्ड करून घेतले.

बटणे आठ आहेत, दोन ओळींत. 1991 मधल्या ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये तीन ठोशांची आणि तीन लाथांची अशी सहा बटणे होती, आणि लढतीच्या खेळांची मांडणी अजूनही त्याच दोन ओळींवर उभी आहे, उरलेली दोन आजच्या खेळांसाठी. शेजारच्या छिद्रांच्या मध्यांत 36 मिलिमीटर अंतर ठेवले, म्हणजे कडांमध्ये 6 मिलिमीटर पत्रा उरतो. ओळी मात्र सरळ रेषेत नाहीत. तळहात टेकवून बोटे सैल सोडली की मधले बोट पुढे जाते आणि तर्जनी मागे राहते. कागदावर तो हात गिरवून बटणांची कमान त्यावरून काढली.

चौकटीचे साग जुन्या वाड्याच्या दारातले आहे. मिस्त्रींनी त्यावर एकदा रंधा फिरवला, आतला तपकिरी रंग वर आला, आणि कोपऱ्याला गुण्या लावून ते म्हणाले, “सर, हा साग जुना आहे, आता हलायचा नाही.” कोपऱ्यांना खिळे न मारता पटाशीने खाचा काढून सांधे जुळवावेत, असा आग्रह त्यांचाच होता, आणि तो मी आनंदाने मान्य केला. 15 मिलिमीटर जाडीच्या फळीत ते सांधे इतके नेटके बसले आहेत की फेव्हिकॉल सुकायच्या आधीच चौकट उचलता येत होती.

सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो आवाजाने. पोकळ लाकडी चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेला पातळ पत्रा म्हणजे प्रत्येक बटणाचा ठोका मोठा करणारी पेटीच. आपल्या शेजारी मिरजेत सतारमेकर मंडळी पिढ्यान् पिढ्या नेमके याच्या उलट काम करतात: तारेचे कंपन भोपळ्यात शिरावे, तिथे वाढावे आणि रेंगाळावे, यासाठी भोपळ्याची निवड आणि तबलीची, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाची, जाडी ते डोळ्यांत तेल घालून पाहतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच कसबासाठी. त्यांच्या कामाकडे पाहिले की माझ्या खोक्यात काय नको ते स्पष्ट होते. पत्रा कंप पावू नये, यासाठी त्याच्या पोटाला, बटणांच्या छिद्रांमधली जागा सोडून, मोटारीच्या दारात आतून चिकटवतात ती डांबरी शीट लावली, आणि तळाच्या प्लायवर जाड नमदा अंथरला. बोटाच्या पेराने ठोकून पाहिले, तर आधी जो टणत्कार येत होता त्याच्या जागी आता बुटका, बंद आवाज येतो. रात्री शेजारच्या खोलीत आई झोपलेली असताना खेळता आले पाहिजे, ही माझी अट त्यामुळे पूर्ण होते.

वायरींचे काम त्या मानाने सोपे. 2021 मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड त्यावर ‘जीपी2040-सीई’ हे बोर्डाचा गेम कंट्रोलर करणारे मुक्त सॉफ्टवेअर चढवून वापरतो आहे. प्रत्येक बटणाचा एक पाय एकाच सामाईक ग्राउंड वायरने ओवला आहे आणि दुसरा बोर्डाच्या स्वतंत्र पिनेला जातो. जॉयस्टिकच्या पाच वायरींपैकी एक ग्राउंडची आणि चार दिशांच्या. कर्णदिशा वेगळ्या स्विचने मिळत नाही, जॉयस्टिकमधले शेजारचे दोन छोटे स्विच (मायक्रोस्विच) एकदम दाबले गेले की ती मिळते. म्हणून दांड्याला अडवणारे खालचे चौकोनी गेट बदलून अष्टकोनी बसवण्याची मला गरज वाटत नाही, कारण चौकोनाच्या कोपऱ्यात दांडा आपोआप नेमक्या जागी थांबतो. केबल थेट बोर्डाला न जोडता मागच्या फळीत यूएसबी सॉकेट बसवले, जेणेकरून कोणी पाय अडकून वायर ओढली तरी बोर्डाला झटका बसणार नाही.

आता पत्र्यावर 2 मिलिमीटरचे पारदर्शक अॅक्रिलिक यायचे आहे. पत्रा आणि ते मिळून 4 मिलिमीटर होतील, आणि तेवढ्या जाडीला बटणांचे चाप धरतात. त्या दोहोंमध्ये जे चित्र जाईल ते पुतणी काढणार आहे. तिने आयर्विन पुलाच्या कमानी आणि खाली पुराचे पाणी असे रेखाटन सुरू केले आहे, आणि कमानी बटणांच्या छिद्रांशी कशा जुळवायच्या यासाठी तिने माझ्याकडून छिद्रांचा मूळ नकाशा मागून घेतला आहे. सागाला फक्त पॉलिश पेपर मारून जवसाचे तेल लावायचे. रंग किंवा सनमायका लावायचा नाही, हे आमच्या दोघांचे ठरले.