पिवळ्या पातीची नोंद: गच्चीवरचा उन्हाळ कांदा

वाण एन-२-४-१, पुनर्लागवड डिसेंबरअखेर. वाफा १ × १.२ मीटर, माती ३० सेंमी खोल, रोपांचं अंतर १५ × १० सेंमी, म्हणजे साधारण ८० रोपं. ही नोंद फक्त पात पिवळी पडण्याची. पिवळं दिसलं की युरियाची मूठ, ही सवय कांद्यात फार नुकसान करते. आधी पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघायचं: जुन्या पातीवर की नव्या, शेंड्याला की मधेच, अख्ख्या वाफ्यात की एका कोपऱ्यात.

पहिला पंधरवडा. लावणीसाठी रोपं उपटताना मुळं तुटलेली असतात, त्यामुळे बाहेरची जुनी पात शेंड्याकडून सुकतेच. मधली पात हिरवी आणि ताठ असेल तर काहीही टाकायचं नाही.

चौथा आठवडा. सगळा वाफा सारखा फिकट, सुरुवात जुन्या पातीपासून: हे नत्र कमी पडल्याचं लक्षण. पिवळेपणा नव्या पातीवर आधी दिसला असता तर गंधकाकडे बोट गेलं असतं. अमोनियम सल्फेटमध्ये सुमारे २१ टक्के नत्र आणि २४ टक्के गंधक असल्याने दोन्ही गरजा भागतात, आणि कांद्याचा तिखटपणाही गंधकावरच उभा आहे. प्रमाण चौरस मीटरला १५ ग्रॅम, या वाफ्याला १८. दोन ओळींच्या मधे पेरून, मातीत हलवून लगेच हलकं पाणी. दुसरा हप्ता ४५ दिवसांच्या सुमारास. गुण आला का ते नव्या पातीच्या रंगावरून ठरवायचं, कारण सुकलेला शेंडा परत हिरवा होत नाही.

नळाकडचा कोपरा. तिथलीच रोपं पिवळी आणि मलूल, बाकी वाफा ठीक. असा एखादाच तुकडा पिवळा दिसला की खताचा विचार सोडून मुळं बघावीत. एक रोप उपटायचं. मुळं पांढरी असतील तर फक्त पाणी जास्त होतंय. गुलाबी असतील तर मूळकुजीचा गुलाबी प्रकार. रोप अलगद हातात आलं आणि बुडाशी पांढरी बुरशी दिसली तर फ्युजेरियम या बुरशीची सड. ते रोप भोवतालच्या मातीसकट बाहेर काढायचं आणि पुढची काही वर्षं त्या जागी कांदा-लसूण लावायचा नाही. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी (लिटरला ५ ग्रॅम, आळवणी म्हणजे मुळाशी ओतणं) शेजारची रोपं वाचवायला उपयोगी, सडलेल्याला नाही. कांद्याची बहुतेक मुळं वरच्या १५-२० सेंमीत असतात, म्हणून वरची माती सतत चिकचिकीत राहणं त्याला सोसत नाही. बोट दोन पेरं आत घालून वाफसा आला असेल, म्हणजे माती चिकट न राहता नुसती ओलसर लागली, तरच पुढचं पाणी.

बोअरचं खारं पाणी असेल तर सगळ्या पातींचे शेंडे एकसारखे करपतात. कांदा क्षारांना हळवा आहे. अशा ठिकाणी खत वाढवलं की त्रासही वाढतो.

फेब्रुवारी, ऊन वाढल्यावर. पातीवर चंदेरी-पांढरे ओरखडे, मग पिवळट, वाकडी पात: फुलकिडे. पांढरा कागद धरून रोप झटकलं की मिलिमीटरभर लांबीचे पिवळसर किडे पळताना दिसतात. ते पातीच्या बेचक्यात लपतात, म्हणून वरवरची फवारणी वाया जाते. आधी सकाळी पाण्याचा जोरदार फवारा बेचक्यात मारायचा. मग संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून १ लिटर करायची. पात मेणचट असल्याने स्टिकर (औषध पातीला चिकटवून धरणारा द्रव) न घालता मारलेलं औषध ओघळून जातं. आठवड्याने पुन्हा. निळे चिकट सापळेही लावावेत. नत्र जास्त झालेल्या मऊ, लुसलुशीत पातीवर फुलकिडे अधिक येतात. युरियाची मूठ आवरायचं हे मोठं कारण.

मळभ आणि सकाळचं दव. पातीच्या मधोमध पिवळसर लांबट चट्टे म्हणजे तपकिरी करपा, हा बुरशीचा रोग. जांभळट केंद्र आणि भोवती पिवळी कड असलेले खोलगट डाग म्हणजे जांभळा करपा. डागाळलेली पात कापून कंपोस्टमध्ये नव्हे, कचऱ्यात. पाणी सकाळी आणि फक्त मुळाशी. करपा पसरू लागला तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम, स्टिकरसह, वेष्टनावरचा प्रतीक्षाकाळ (फवारणी ते काढणी यांतलं अंतर) पाळून. घरात पातीची भाजी होत असेल तर हे औषध नकोच. रोगट रोपं काढून टाकणं बरं.

साठ दिवसांनंतर नत्र पूर्ण बंद. उशिरा दिलेल्या नत्राने मान (पात कांद्याला जुळते तो भाग) जाड राहते आणि असा कांदा टिकत नाही.

एप्रिल. पात पिवळी पडतेय आणि माना आपोआप मोडतायत, हा आजार नव्हे, पक्वता आहे. काढणीच्या १०-१५ दिवस आधी पाणी तोडायचं, निम्म्या माना पडल्या की काढायचा. पातीसकट तीन दिवस सुकवताना एका कांद्याची पात दुसऱ्या कांद्यावर येईल असा पसरायचा, म्हणजे ऊन थेट लागत नाही. मग दोन-अडीच सेंमी मान ठेवून पात कापायची आणि सावलीत १०-१२ दिवस वाळवायचा. जाड मानेचे आणि डेंगळे (फुलांचे दांडे) आलेले कांदे वेगळे काढून आधी वापरायचे.