एअर फिल्टर धुतला, पण कड बघितली का?

डर्ट बाइकवाल्यांमध्ये कुठलं इंजिन ऑइल चांगलं यावर तासन्‌तास वाद होतात, आणि एअर फिल्टरचा विषय निघाला की "धुतला की परवा" एवढ्यावर संपतो. माझं मत उलटं आहे. ऑइल ठीकठाक कुठलंही चालेल पण फिल्टर नीट बसला नसेल तर ते महागडं ऑइल इंजिनला वाचवू शकत नाही.

आधी डर्ट बाइकच्या फिल्टरचा स्पंजसारखा फोम काम कसा करतो ते बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. रोडवरच्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा कागदाचा फिल्टर असतो, तो बारीक छिद्रांनी धूळ अडवतो. डर्ट बाइकचा फोम तसा नाही. त्याची छिद्रं बारीक धुळीच्या कणापेक्षा बरीच मोठी असतात, म्हणजे कोरडा फोम बारीक धूळ सरळ आत सोडतो. धूळ पकडतं ते त्यावरचं चिकट तेल, हवा त्या वाकड्यातिकड्या वाटांतून वळत जाते आणि कण तेलाला चिकटून बसतात. म्हणून धुवून कोरडाच बसवलेला फिल्टर दिसायला कितीही स्वच्छ असला तरी तो नसल्यासारखाच. बऱ्याच फोममध्ये दोन थर असतात, बाहेर जाड छिद्रांचा आणि आत बारीक.

आणि ही धूळ साधी नसते, तिच्यात वाळूचे म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतात. कठीणपणाच्या मोह्स मापावर क्वार्ट्‌झ 7 वर बसतो, साधा चाकू साडेपाचच्या आसपास, यावरून सिलिंडरच्या आत काय होत असेल ते समजा. पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत घासत जाते, फोर स्ट्रोकमध्ये इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) आणि सीट (ती टेकते ती जागा) झिजून क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हसाठी ठेवलेली बारीक फट, कमी होत जातो आणि गाडी स्टार्ट व्हायला कुरकुर करायला लागते. टू स्ट्रोकमध्ये तर तीच हवा क्रँककेसमधून जाते त्यामुळे क्रँकच्या बेअरिंगलाही प्रसाद मिळतो. व्हॉल्व्हचे शिम (ही फट जुळवायच्या चकत्या) परत परत बदलावे लागत असतील तर मेकॅनिकशी भांडण्याआधी एअरबॉक्स (फिल्टर बसतो तो डबा) उघडून बघा.

आता धुणं. फिल्टर काढायच्या आधी सीट आणि साइड पॅनेलवरची माती पुसून घ्या, नाहीतर ती बरोब्बर इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेच्या, तोंडात पडते. फोम हळूच बाहेर काढायचा आणि लगेच तोंडावर स्वच्छ फडकं किंवा एअरबॉक्सचं कव्हर लावायचं. मग फोम केजवरून (त्याला आतून आधार देणाऱ्या सांगाड्यावरून) उतरवायचा. क्लीनर फिल्टरसाठीचाच असेल तर उत्तम, नसेल तर रॉकेलही चालतं (आगीपासून लांब आणि हातात ग्लव्हज घालून), फक्त पेट्रोल नको. पेट्रोल पटकन पेट घेतं हे एक आणि फोमचे जोड ज्या गोंदाने चिकटवलेले असतात तो गोंद ते सैल करतं हे दुसरं. नंतर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, आणि पाणी आतल्या बाजूने बाहेर सोडायचं. बाहेरून आत मारलं तर जी माती बाहेर अडकली होती ती तुम्हीच ढकलून आत पोहोचवता.

पिळायचा नाही, दाबायचा! कपड्यासारखा पीळ दिला की जोड उसवतो. कंप्रेसरची हवाही मारू नका, फोम फाटतो आणि फाटलेलं दिसतही नाही. सावलीत पूर्ण सुकू द्या, ओल्यावर तेल नीट बसत नाही.

तेलाच्या बाबतीत लोक फार हात सैल सोडतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत फोम टाकायचा, फिल्टर ऑइल ओतायचं आणि बाहेरून मळत राहायचं, पूर्ण फोमचा रंग एकसारखा झाला की बास. फिका डाग दिसतोय म्हणजे तिथे तेल पोचलेलं नाही. जास्तीचं दाबून काढा, कारण तेल थबथबत असेल तर हवा अडते आणि गाडी थ्रॉटलला गुदमरते. मग थोडा वेळ तसाच ठेवा म्हणजे तेलातलं सॉल्व्हंट उडून जाईल आणि तेल चिकट होईल. जुनं इंजिन ऑइल वापरणारे भेटतात, ते पातळ असतं, खाली निथळून एका बाजूला जमा होतं आणि वरचा अर्धा फोम कोरडा.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ती कड. फोमची जी कड एअरबॉक्सवर टेकते तिच्यावर चांगलं जाडसर वॉटरप्रूफ ग्रीस गोल फिरवून लावायचं. मग केजची खूण असेल तर ती जागेवर आणून बसवायचं, बोल्ट घट्ट करायच्या आधी बोट पूर्ण कडेने फिरवायचं, फोम कुठे दुमडलाय का, वरची बाजू वर राहिलीय का. बोल्ट आवळला म्हणजे फिल्टर बसला असं अजिबात नाही, तिरका असतानाही तो मस्त आवळला जातो.

बरोबर बसला होता का हे पुढच्या वेळी उघडताना कळतं. ग्रीसच्या बाहेर मळ आणि आत चकचकीत, अशी स्वच्छ रेघ दिसली तर काम झालं. इनटेकच्या तोंडात पांढरं फडकं फिरवून बघा, बारीक भुकटी आली तर कुठूनतरी वाट आहे, मग फोम, कड, एअरबॉक्सचा जोड आणि कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडीचा रबरी बूट सगळं तपासायचं.

किती दिवसांनी धुवायचा याचं उत्तर तासात देता येत नाही. कोरड्या धुळीत कुणाच्या तरी मागे चालवलीत तर त्याच दिवशी, ओल्या मातीत थोडं जास्त चालतं. बदलायचा कधी, तर जोड सुटला, दाबल्यावर फोमचे तुकडे हाताला लागले किंवा कड कडक होऊन टेकत नसेल तर लगेच, तिथे कंजुषी नको. मी तर दोन फोम फिरते ठेवतो, एक गाडीत आणि एक तेल लावून बंद पिशवीत, म्हणजे संध्याकाळी दमून आल्यावर धुवायचा कंटाळा आला तरी सकाळी मळका फिल्टर घेऊन निघायची वेळ येत नाही.