लाडवांचा काय दोष?

"गोडधोड चारलंत ना पोराला, म्हणून झाली साखर," हेदवीला एका पडवीत बसलेल्या काकू सहज बोलून गेल्या.

पोराची आई तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यातून इन्सुलिनची बाटली काढत होती. पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, फ्रीजचा भरवसा नाही. मान वर न करताच म्हणाली, "काकू, ह्याच्या अंगात इन्सुलिन बनतच नाही. त्यात माझ्या लाडवांचा काय दोष?"

किती जणांना तिने हे सांगितलं असेल! फार वाईट वाटलं.

तिचं खरंच होतं. पोराचा मधुमेह टाइप वन. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. १९२२ साली इन्सुलिन आलं, त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत. काकूंचा स्वतःचा मधुमेह टाइप टू. त्यात इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. आनुवंशिकता, वजन, बैठं काम. वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो.

मुलांमध्ये मात्र सगळं काही आठवड्यांत होतं. मूल सारखं पाणी मागतंय, रात्री लघवीला उठतंय, भराभर वाळतंय? "जंत असतील" म्हणून थांबू नका. त्याच दिवशी साखर तपासा. बोटातला एक थेंब पुरतो.