शंभर पीपीएमच्या डबीतला पांढरा कापूस

जानेवारीचा दुसरा आठवडा, दोन दिवस मावठा पडून गेलेला, आणि सकाळी सव्वासहाला नानांचा फोन. "ताई, शेताला वास येतोय." बास, एवढंच. ज्यानं बटाट्याचा करपा एकदा जवळून बघितलाय त्याला यापुढे काही विचारावं लागत नाही, मी स्वेटर अडकवला आणि गाडी काढली.

नानांचं शेत महूच्या पुढे. होळकरांच्या काळात इकडे आलेलं घर, घरात मराठी, शेतात माळवी. साडेचार बिघे बटाटा, चिप्सवाल्या जातीचा. मी इंदूरला एका खाजगी लॅबमध्ये काम करते, माती, पाणी, बियाणं, रोगट झाडं असं सगळं येतं आमच्याकडे. रोगाचे नमुने लोक पॉलिथिनमध्ये कोंबून आणतात, आमच्या हातात येईस्तोवर त्याचा नुसता चिखल झालेला असतो. कागदात गुंडाळून आणा म्हणून दारावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, पण कोणी वाचत नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवशी गाडी चालवताना पोटात गोळा होता, कारण आठ दिवसांपूर्वी नानांनी व्हॉट्सअॅपवर पानाचे फोटो पाठवले होते आणि मेटालॅक्सिल-मॅन्कोझेब हे बुरशीनाशकाचं जोड औषध मारा असं मीच सांगितलं होतं. त्यांनी त्याच दिवशी मारलं, पाचव्या दिवशी परत मारलं. हयगय म्हणून त्यांनी कुठेच केली नव्हती.

शेतात पोचले तेव्हा धुकं होतं. खालच्या कोपऱ्यात, जिथे स्प्रिंकलरचं पाणी साचतं, तिथली झाडं उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी काळी पडलेली. पान उलटं केलं. तपकिरी डाग, त्याच्या कडेला ओलसर फिकट हिरवी पट्टी, आणि नेमक्या त्या पट्टीवर बारीक पांढरी लव. ही लव सकाळीच दिसते, ऊन चढलं की गायब, म्हणून दुपारी येणारे आमच्याच लाईनचे लोक याला सरसकट लवकरचा करपा म्हणून मोकळे होतात. लवकरचा करपा आधी खालच्या जुन्या पानांवर येतो, डाग कोरडा असतो आणि त्यात एकात एक गोल वळी दिसतात. हा उशिरा येणारा करपा, फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. म्हणजे रोग मी बरोबर ओळखला होता. मग औषध का नाही लागलं?

पानं कागदात गुंडाळून थर्मोकोलच्या डब्यात घातली आणि लॅबला आले. लव धुवून काढलेलं पाणी दोन तास फ्रीजमध्ये ठेवलं. दुपारी नाना पुतण्याला घेऊन आले, त्यांना मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. लिंबाच्या आकाराचे बारीक बीजाणू, आणि थंड पाण्यामुळे ते फुटून आतून बाहेर पडलेले एवढेसे ठिपके सैरावैरा धावत होते, प्रत्येकाला पोहायला दोन शेपट्या.

"अगं, हे तर पोहून राहिलंय!"

मी म्हटलं नाना, ही खरी बुरशी नाहीच. दिसते तशी, आपण सगळे म्हणतोही तसंच, पण हिच्या पेशीभित्तीत सेल्युलोज असतं, बुरशीच्या भित्तीत कायटिन असतं, आणि नात्यानं ही समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळची. नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग आम्ही इतकी वर्षं बुरशीचं औषध का मारतोय?"

प्रश्न एकदम रास्त होता. मेटालॅक्सिल याच गटावर चालतं, खऱ्या बुरशीवर नाही, त्यामुळे औषधाची निवड चुकीची नव्हती. पण ते एकाच ठिकाणी वार करतं, पेशीत रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, आरएनए बनतो तिथे. ती जागा जरा बदलली की वार फुकट. मॅन्कोझेब एकदम बऱ्याच ठिकाणी मारतं म्हणून त्याची सवय होत नाही, पण ते पानाच्या वर बसतं, आत शिरलेल्या रोगाला हात लावत नाही.

म्हणून तपासायचं ठरवलं. माझ्या गच्चीवर कुंड्यांमध्ये बटाटा कायम असतो, औषधाचा थेंबही न लागलेला. त्याच्या पानांच्या टिकल्या कॉर्क बोअररनं कापल्या, खालची बाजू वर करून तरंगत ठेवल्या. एका डबीत नुसतं पाणी, दुसरीत 10 पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) मेटालॅक्सिल, तिसरीत 100. प्रत्येक टिकलीवर बीजाणूंच्या पाण्याचा एक थेंब, आणि डब्या 18 अंशावर. मधे एकदा लाईट गेली तेव्हा इन्क्युबेटरच्या दाराला पाठ लावून उभी राहिले, कोणी उघडू नये म्हणून.

सहाव्या दिवशी झाकण काढलं. पाण्यातल्या टिकल्यांवर पांढरा कापूस, अपेक्षितच होतं. 100 पीपीएमवाल्या डबीतही पांढरा कापूस, तेवढाच दाट. दोन्ही डब्या शेजारी ठेवल्या तर कुठली कुठली हे लेबल वाचल्याशिवाय कळत नव्हतं. मी बराच वेळ तशीच बघत बसले.

कारण मला माहीत असायला हवं होतं. या करप्याचा 13_ए2 नावाचा वंश, ब्लू-13 म्हणतात तो, 2004 च्या सुमारास युरोपात सापडला आणि बघता बघता तिथल्या बाकीच्या वंशांना मागे टाकून बसला. मेटालॅक्सिलला तो दाद देत नाही. 2009-10 मध्ये दक्षिण भारतात टोमॅटोवर जो कहर झाला तो त्याचाच, आणि 2014 च्या बंगालमधल्या बटाट्याच्या साथीमागेही तोच निघाला. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण माळवा कोरडा, इकडे काय यायचंय, असं मनात धरून बसले होते. नानांच्या शेतातला वंश तोच की दुसरा हे डीएनएच्या मार्कर टेस्टशिवाय सांगता येत नाही. पानाचा डाग एफटीए कार्डवर, म्हणजे डीएनए टिकवून ठेवणाऱ्या कागदावर, दाबून मी एका मोठ्या लॅबला पाठवला, दोनदा मेल केले, उत्तर नाही. ज्या रोगानं एवढं पीक जातं त्याचा वंश कुठला हे जिल्हापातळीवर विचारायची सोयच नसावी, याची मला मनापासून चीड येते.

1845 नंतर आयर्लंडमध्ये याच रोगानं बटाटा गेला आणि सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापानं मेली. त्या काळातली वाळकी पानं संग्रहालयांत जपलेली होती, 2013 मध्ये त्यांतून डीएनए काढला तेव्हा कळलं की ते सगळं एकाच वंशाचं काम, हर्ब-1 नाव दिलंय त्याला. बटाटा कापून लावतो म्हणून शेतभर एकच झाड, आणि त्याला खाणाराही स्वतःच्या नकला काढत सुटलेला. 2009 साली या करप्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला, 24 कोटी अक्षरं, त्यातला तीन चतुर्थांश भाग तेच तेच परत परत आलेलं, आणि बटाट्याचं संरक्षण मोडणारी जनुकं बरीचशी नेमकी त्या गचपणात, जिथे तुटणं-जुळणं सगळ्यात जास्त. कुफरी ज्योती ही बटाट्याची जात 1968 ला आली तेव्हा करप्याला दाद देत नव्हती, पुढे तीच करप्यानं आडवी व्हायला लागली. आम्ही एकच औषध नवनव्या ब्रँडच्या नावानं मारायला सांगतो, तेव्हा त्या गचपणातून कोण जगणार याची निवड आम्हीच करत असतो.

नानांना मॅन्कोझेबबरोबर सायमॉक्झॅनिल नावाचं दुसरं औषध सांगितलं, स्प्रिंकलर बंद, खालच्या कोपऱ्यातला पाला कापून बाहेर, आणि काढणी पंधरा दिवसांनी. अर्ध्याहून थोडा जास्त माल वाचला. टेस्टचा निकाल सांगायला मी घरी गेले आणि माझं चुकलं म्हणाले. काकूंनी चहा आणला. नाना म्हणाले, "औषध तू विचारून सांगितलंस. बेणं कुठून आणलं ते मात्र विचारलं नाहीस."

खरंच नव्हतं विचारलं. आपल्याकडे मेमधल्या उन्हात करपा शेतात टिकत नाही, तो कोल्ड स्टोरेजमधल्या बेण्यात झोपून येतो, हे मी शिकाऊ पोरांना शिकवते.

या ऑक्टोबरला नाना बेण्याचा एक कट्टा थेट लॅबमध्येच घेऊन आले. पन्नास बटाटे मी एकेक करून कापले. दोघांत सालीखाली विटकरी, दाणेदार कूज होती, बाहेरून फक्त जरासा खोलगट डाग. सगळे कट्टे परत गेले. बेणंवाला अजून माझ्याशी बोलत नाही.