पॉवेल, लुगर आणि रविवारची पाळी

१९ ऑक्टोबर २००८ च्या रविवारी एका मराठी दैनिकाच्या मुंबई कार्यालयात आंतरराष्ट्रीय पान माझ्याकडे होते. रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना त्या दिवशी मारहाण झाल्यामुळे पहिल्या पानावर दुसऱ्या कशालाही जागा नव्हती, आणि अमेरिकी निवडणूक आतल्या पानावर चार परिच्छेदांत बसवावी, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती. संध्याकाळी सातच्या सुमारास वृत्तसंस्थांच्या बातम्यांचा ओघ एकाएकी वाढला. बुश यांचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी, स्वतः रिपब्लिकन असूनही, एनबीसी या अमेरिकी वाहिनीवरील मुलाखतीत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार बराक ओबामा यांना पाठिंबा जाहीर केला होता.

वृत्तसंपादकांनी उभ्या उभ्याच बातमी वाचली आणि ‘पॉवेल फुटले’ असा मथळा सुचवला. आयाराम-गयाराम पाहत आलेल्या वाचकाला तो चटकन कळला असता, यात शंका नाही.

“साहेब, त्यांनी पक्ष सोडलेला नाही,” मी म्हणालो, “आणि ओबामा त्यांच्याशी गेल्या वर्षापासून बोलत आहेत.”

“मग चौकट द्या. पण डाक आवृत्तीचे पान अडवू नका.”

जून २००७ मध्ये याच वाहिनीवर पॉवेल यांनी ओबामांशी दोनदा भेट झाल्याचे सांगितले होते. परराष्ट्र आणि लष्करी प्रश्नांवर जो उमेदवार विचारील त्याच्याशी बोलायला आपण तयार आहोत, अशी त्यांची भूमिका होती. ओबामांचे प्रतिस्पर्धी, रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन हे तर पॉवेल यांचे पंचवीस वर्षांचे स्नेही, आणि त्यांच्या प्रचारनिधीला पॉवेल यांनी देणगीही दिलेली होती. मला मात्र इंडियानाचे रिपब्लिकन सिनेटर रिचर्ड लुगर यांचे उदाहरण अधिक बोलके वाटत होते. सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीत नवख्या असलेल्या ओबामांना त्यांनी ऑगस्ट २००५ मध्ये रशिया व युक्रेनच्या दौऱ्यावर नेले, सोव्हिएत काळातल्या शस्त्रसाठ्यांची विल्हेवाट कशी लावली जाते ते दाखवले, आणि पुढे या विषयावर दोघांच्या नावाने कायदाही झाला. १५ ऑक्टोबरच्या वादचर्चेत, परराष्ट्र धोरणात आपण कोणाबरोबर असतो हे सांगताना ओबामांनी लुगर यांचे नाव घेतले होते. तरीही लुगर यांचा पाठिंबा मॅकेन यांनाच होता, आणि चौकटीत मी हीच गोष्ट सर्वांत वर घेतली.

ओबामांचा यात स्वार्थ नव्हता, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. सिनेटमध्ये चार वर्षेही न झालेल्या उमेदवाराच्या अननुभवावर विरोधक बोट ठेवत असताना संयुक्त सेनाप्रमुखांचे माजी अध्यक्ष असलेल्या पॉवेल यांचा शब्द त्याला हवाच होता. शिवाय इराकयुद्धाला पहिल्यापासून विरोध केल्याचे सांगत मते मागणारा हा उमेदवार ज्यांचा पाठिंबा स्वीकारत होता, त्याच पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत त्या युद्धाची बाजू मांडली होती. हेही मी लिहिले.

मथळा अखेर ‘रिपब्लिकन पॉवेल यांचा ओबामांना पाठिंबा’ असा साधाच गेला. वृत्तसंपादकांनी जागेअभावी देणगीचे वाक्य कापले, सुरक्षा परिषदेचे ठेवले आणि पान वेळेत सोडले.