तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला शेअर कोणता घेऊ?

जुलैत रिटर्न भरायला आलेली माणसं कागद पुढं सरकवतात आणि उठता उठता हमखास विचारतात, "बरं काका, शेअर मार्केट चालू करायचंय. पहिला कुठला घेऊ सांगा की." अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेल कारखानदार विचारतात, नव्या पेठेतले दुकानदार विचारतात, जुळे सोलापुरातल्या शिक्षिका आणि नुकती नोकरी लागलेली पोरंही विचारतात. रिटर्नच्या गर्दीत त्यांची दोन वाक्यांत बोळवण होते आणि ते माझ्या मनाला लागून राहतं. विचारणाऱ्याच्या हातात घाम गाळून मिळवलेला पैसा असतो. म्हणून सवडीनं लिहितोय.

आधी एक सांगतो. मी लोकांचे हिशोब आणि रिटर्न बघतो. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदलेला गुंतवणूक सल्लागार मी नाही, त्यामुळं अमुक शेअर घ्या असं मी कुणालाही सांगत नाही. पण कुणाचे पैसे टिकले आणि कुणाचे गेले, हे कागदावर वर्षानुवर्षं बघत आलोय. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: शेअरचं नाव हा शेवटचा प्रश्न आहे. तुम्ही टाकताय तो पैसा कुठला, आणि तो किती वर्षं लागणार नाही, हे आधी ठरलं पाहिजे.

मुलीचं लग्न तीन वर्षांवर आलंय आणि त्यासाठी साठवलेले पाच लाख 'तोवर वाढतील' म्हणून बाजारात घालायचेत, असं कुणी म्हणालं की माझा स्पष्ट नकार असतो. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या तीस मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, २१,००० च्या आसपास होता. मार्च २००९ मध्ये तो ८,२०० च्याही खाली बंद झाला. २०१० च्या दिवाळीत मुहूर्ताच्या सौद्यांना पुन्हा २१,००० ला टेकला आणि परत घसरला. २०१३ च्या दिवाळीत कुठं तो जुना उच्चांक ओलांडून वर जायला लागला. म्हणजे जवळपास सहा वर्षं. ज्याला मधे पैसा लागला नाही, तो तरला. ज्याच्या घरी २००९ मध्ये लग्न होतं, त्यानं काय केलं असेल याचा विचार करा.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. १९७८-७९ हे पायाभूत वर्ष धरून सेन्सेक्स १०० मानला गेला, आणि जुलै २०२४ मध्ये त्यानं ८०,००० चा टप्पा ओलांडला. वर्षाला सरासरी सोळा टक्क्यांच्या आसपास वाढ झाली आणि त्यात लाभांश धरलेलाच नाही. पुढंही असंच होईल असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण दीर्घ मुदतीत धंद्यांची मालकी माणसाला श्रीमंत करते, हे मी मनापासून मानतो. म्हणून शेअर बाजार म्हणजे जुगार, असं म्हणणाऱ्यांनाही मी थांबवतो.

तेव्हा पहिल्यांदा घरखर्चाचे सहा महिने भागतील एवढे पैसे बँकेत, आरोग्य विमा, आणि कमावत्या माणसाचा मुदतीचा विमा. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा सावकाराचं देणं असेल तर ते आधी फेडा. त्या व्याजाला पुरून उरेल एवढा परतावा कुठलाच शेअर खात्रीनं देत नाही. एवढं झाल्यावर जो पैसा सात-आठ वर्षं तरी लागणार नाही, तो बाजाराचा.

एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात, लोकांचे पैसे एकत्र करून गुंतवणाऱ्या योजनेत, ठरावीक काळानं ठरावीक रक्कम टाकणं. तिच्या जाहिरातीत एक तारखेला पगार होणारं घर दाखवतात. आपल्याकडं सगळ्यांचं तसं नाही. यंत्रमागावर काम करणाऱ्याला आठवड्याला पगार मिळतो. ऊसवाल्याचं बिल गाळपानंतर येतं, तेही कधी कधी हप्त्यांनी. शाळेचे गणवेश शिवणाऱ्यांचा खरा पैसा शाळा सुरू व्हायच्या आगेमागे फिरतो. अशा घरानं दुसऱ्याचं बघून महिन्याला पाच हजारांची एसआयपी लावली की चौथ्या महिन्यात खात्यात शिल्लक नसते, हप्ता परत जातो, बँक दंड लावते आणि माणूस वैतागून सगळंच बंद करतो. आपल्या घरात पैसा जसा येतो, तसा तो गुंतवावा. आठवड्याची एसआयपी बऱ्याच फंडांत करता येते. उसाचं बिल एकरकमी आलं तर ते कमी जोखमीच्या लिक्विड फंडात ठेवून तिथून दर महिन्याला ठरावीक रक्कम इक्विटी फंडात, म्हणजे शेअर घेणाऱ्या फंडात, वळवायची सोय असते, तिला एसटीपी म्हणतात. हे बँकेतला माणूस आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून मुद्दाम विचारा.

आता शेअरकडं येऊ. सोलापूरकराला एकाच कंपनीचा धोका समजावून सांगायला मला लांब जावं लागत नाही. जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, एकोणिसाव्या शतकातली. हजारो घरं तिच्यावर चालली. १९४९ मध्ये ती बंद पडली आणि जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. त्यावर एक भागधारक सुप्रीम कोर्टात गेला आणि डिसेंबर १९५० मध्ये हरला. दुसऱ्या एका भागधारकाची गोष्ट तर नवख्यानं जरूर ऐकावी. त्याच्याकडं शंभर रुपयांचे प्रेफरन्स शेअर (लाभांशावर आधी हक्क असणारे) होते, त्यावर पन्नासच भरलेले. सरकारनं नेमलेल्या संचालकांनी उरलेले पन्नास मागितले. तो भांडला आणि १९५३ मध्ये जिंकला. वकिलीच्या अभ्यासात हे दोन्ही खटले आजही शिकवतात. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचंय की शेअर म्हणजे धंद्यातली भागीदारी, आणि धंदा कितीही मोठा, जुना, डोळ्यांसमोरचा असला तरी तो बसू शकतो. आज जुनी मिल हा आपल्यासाठी रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता आहे.

तरीही 'आपल्या गावची कंपनी' ही ओढ सुटत नाही. बालाजी अमाइन्स सोलापूरची, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सोलापूरची. दोन्ही शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल मला अभिमान आहे. बालाजी अमाइन्सचा शेअर मार्च २०२० च्या पडझडीत दोनशेच्या घरात होता, २०२१ मध्ये तो पाच हजारांपर्यंत गेला आणि पुढच्या दोन वर्षांत निम्म्याच्याही खाली आला. या सगळ्या काळात कारखाना तिथंच होता, मालक तेच होते. रसायनांच्या भावाची लाट आली आणि ओसरली, आणि त्या भावावर लोकांनी बांधलेल्या अपेक्षाही खाली आल्या. पाच हजारांना घेणाऱ्यांतले अनेकजण मला भेटलेत. "आपली कंपनी आहे, रोज गेटवरून जातो," हे त्यांचं कारण. गेटवरून जाण्यानं कंपनी ओळखीची होते. तिचा शेअर त्या भावाला महाग आहे की स्वस्त, हे मात्र ताळेबंद वाचल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पहिल्या पैशासाठी माझं उत्तर निफ्टी ५० चा इंडेक्स फंड हे आहे, आणि नव्वद टक्के लोकांसाठी शेवटच्या पैशासाठीही तेच. पन्नास मोठ्या कंपन्यांचा थोडाथोडा वाटा एकदम मिळतो. यादी वर्षातून दोनदा तपासली जाते, कमजोर पडलेली कंपनी बाहेर जाते, दुसरी आत येते. येस बँक मार्च २०२० मध्ये निफ्टीतून बाहेर पडली. नुसता तिचाच शेअर धरून बसलेल्यांचे हाल झाले, इंडेक्स फंडवाल्याला त्याची झळ नाममात्र लागली. बाजार पडला की हा फंडही पडतो, त्यातून सुटका नाही. पण एका कंपनीबरोबर बुडायची भीती उरत नाही. आणि यासाठी डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं, खातंही लागत नाही, पॅन आणि केवायसी पुरतं.

घेताना 'डायरेक्ट' प्लॅन घ्या. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंडाला तो ठेवावा लागतो आणि त्यात मधल्या माणसाचं, म्हणजे वितरकाचं, कमिशन नसतं. खर्चातला एक टक्क्याचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. एक लाख रुपये वीस वर्षं बारा टक्क्यांनी वाढले तर साडेनऊ लाखांच्या वर जातात, अकरा टक्क्यांनी वाढले तर आठ लाखांच्या जरा वर. एवढी रक्कम देऊन वितरक तुम्हाला खरोखर सांभाळून घेत असेल, पडझडीत विकू देत नसेल, तर त्याचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन. नुसता फॉर्म भरून देणाऱ्यासाठी मात्र ते फार झाले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजेच एफ अँड ओ: शेअरचा किंवा निर्देशांकाचा भाव पुढं कुठं जाईल यावर लावलेले सौदे. एका गारमेंटवाल्याचा मुलगा वर्षभराचं स्टेटमेंट घेऊन आला होता. पान उलटत गेलो. बहुतेक दिवशी पाचशे, आठशे, हजाराचा नफा. पोरगं हुशार होतं, शिस्तीचं होतं. मग मार्चमधले लागोपाठचे दोन दिवस आले आणि वर्षभर जमवलेलं त्या दोन ओळींत गेलं, वर वडिलांच्या भांडवलालाही हात लागला. शेवटच्या पानावर ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा कर), एक्स्चेंजचे आकार, जीएसटी, स्टँप ड्युटी यांची बेरीज होती. ती बघून तो गप्प झाला. रोज संध्याकाळी मोबाइलवर तो जो नफा बघायचा, त्यात हे धरलेलंच नव्हतं. हे सगळं वजा केलं असतं तर त्याचे चांगले वाटलेले कितीतरी दिवस तोट्याचे निघाले असते.

हा एकट्याचा अनुभव नाही. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा, २०२१-२२ ते २०२३-२४ चा, अभ्यास प्रसिद्ध केला. एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. समोरच्या बाजूला कॉम्प्युटरवर सौदे करणाऱ्या मोठ्या संस्था असतात. नवख्यानं तिथं जाऊ नये, यात मला तिळमात्र शंका नाही. जे आधीच अडकलेत त्यांनी निदान एवढं करावं: हे उत्पन्न धंद्याचं धरलं जातं, त्यासाठी आयटीआर-३ हा रिटर्नचा फॉर्म लागतो, आणि रिटर्न मुदतीत भरलं तर तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो. लाजेपायी तोटा लपवून रिटर्न न भरणारी पोरं बघितली की जीव तुटतो. घरच्यांना सांगा. पैसे गेलेत, पोरगं हाताशी आहे, हे आईबापाला पुरतं.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरच्या टिपांबद्दल थोडक्यात सांगतो. महिन्याला ठरावीक टक्के परताव्याची हमी देणारा माणूस फसवतोय, अपवाद नाही. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाइटवर तपासता येतो. आणि नकली ॲपवर पैसे पाठवून बसला असाल तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढं निघून जातात.

एवढं सगळं ऐकूनही काहींना स्वतः कंपनी निवडायचीच असते. ती हौस मला कळते, आणि व्यापारी घरातल्या माणसाकडं त्यासाठी लागणारी नजरही असते. गुंतवणुकीतला दहावा हिस्सा त्यासाठी काढा आणि आधी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. विक्री किती वाढली हे सगळेच बघतात. तुम्ही येणं बघा, 'ट्रेड रिसीव्हेबल्स' या ओळीत. चादरीच्या धंद्यात उधारी कशी फुगते हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. विक्री दहा टक्के वाढली आणि येणं चाळीस टक्के, तर माल गेलाय पण पैसा आलेला नाही. मग कॅश फ्लोचं पान काढा आणि कागदावरच्या नफ्याइतकी रोकड धंद्यातून आली का ते दोन-तीन वर्षांचं पडताळा. कर्ज किती, आणि प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांनी, आपले शेअर गहाण ठेवलेत का, हेही त्याच बैठकीत कळतं. हे वाचायचा कंटाळा येत असेल तर इंडेक्स फंडातच राहा. त्यात कमीपणा काही नाही.

कराचं एवढं ध्यानात असू द्या: शेअर किंवा इक्विटी फंड वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के कर, वर्षानंतर विकला तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ पासून हे दर लागू झाले.

आणि खातं उघडाल त्याच दिवशी नॉमिनी भरा. बायकोला, मुलांना कुठल्या फंडात काय आहे ते एका वहीत लिहून द्या. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेले कागदी शेअर घेऊन येणारी घरं मला दरवर्षी भेटतात. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात. सात वर्षं सलग लाभांश कुणी उचलला नसेल तर ते शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीकडं गेलेले असतात. ते परत मिळतात. वारसाचे कागद जमवून आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्याची छापील प्रत आणि कागद कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडं पाठवायचे. वेळ लागतो, पण निम्मे शेअर मागणाऱ्या एजंटाची गरज पडत नाही. तुमच्या घरात असे कागद असतील तर जुलैची वाट बघू नका, त्याआधीच घेऊन या.